मार्गदर्शक कोणाचा?

आमच्या कंपनीत नवा इंजिनिअर रुजू झाला की त्याला एक 'मेंटॉर' नेमून देतात. मनुष्यबळ विभागाकडून एक पत्रक येते. महिन्यातून एकदा भेटावे, त्याचे मन मोकळे होऊ द्यावे, त्याच्या प्रगतीची नोंद ठेवावी, अशा सूचना त्यात असतात. 'मन मोकळे होऊ द्यावे' आणि 'नोंद ठेवावी' ही दोन वाक्ये एकाखाली एक छापलेली असतात आणि त्या दोघांचे आपसात काही भांडण आहे, हे पत्रक लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेले दिसत नाही. खरे सांगायचे तर माझ्याही लक्षात आले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आपल्याकडचाच एक मुलगा सोपवला गेला. हुशार, कष्टाळू, थोडा अबोल. मराठी कानावर पडल्यावर हळूहळू खुलला. एकदा हॉकर सेंटरमध्ये कोपी घेता घेता म्हणाला, "सर, बाबांची तब्येत बरी नाही. कदाचित वर्षभरात मला परत जावं लागेल. अजून कोणाला बोललो नाही." मी त्याला धीर दिला, घाईने काही ठरवू नकोस असे सांगितले. पुढे दोन महिन्यांनी वर्षअखेरची बैठक होती. एका मोठ्या प्रकल्पाची सूत्रे कोणाकडे द्यावीत अशी चर्चा निघाली, त्याचे नाव आले आणि वरिष्ठांनी मला सहज विचारले, "हा टिकेल ना?"

मी काहीच फोडले नाही. फक्त उत्तर द्यायला जरा वेळ लावला आणि म्हणालो, "बघावं लागेल." तेवढे पुरले. प्रकल्प दुसऱ्याकडे गेला. वडील पुढे बरे झाले, मुलगा इथेच राहिला आणि आपल्याला ते काम का मिळाले नाही हे त्याला कळले नाही.

प्रस्तुत लेखकाची डॉक्टरेट यांत्रिकीतली आणि पोट सॉफ्टवेअरवर. इतिहास हा आपला प्रांत नव्हे, याची जाणीव आहे. पण त्या 'बघावं लागेल'ने मला काही महिने नीट झोपू दिले नाही. त्याच सुमारास पुण्याहून आणलेली नामदार गोखल्यांची चरित्रे वाचनात आली आणि लक्षात आले, की आपण ज्याला आज 'मेंटॉरिंग' म्हणतो त्यातले झाडून सगळे पेच आपल्याच माणसांनी शंभर वर्षांपूर्वी अनुभवलेले आहेत. तेही कंपनीच्या बढतीसाठी नव्हे, तर अब्रू पणाला लावून. त्यांतले तीन प्रसंग वाचकांपुढे ठेवतो.

हिराबागेच्या दारात

१८८५ सालची गोष्ट सांगतात. न्यू इंग्लिश स्कूलचा समारंभ पुण्यात हिराबागेत होता. निमंत्रणपत्रिका पाहून लोकांना आत सोडण्याचे काम एका तरुण शिक्षकाकडे होते. वय जेमतेम एकोणीस. एक भारदस्त गृहस्थ आले, त्यांच्याजवळ पत्रिका नव्हती. तरुणाने त्यांना दारातच थांबवले. गृहस्थ होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि थांबवणारे गोपाळ कृष्ण गोखले. कोणीतरी मध्ये पडले, रानडे आत गेले. राग आल्याचे कुठे नमूद नाही. उलट नियम पाळणारा हा मुलगा त्यांच्या ध्यानात राहिला असावा, असे मानायला जागा आहे.

त्यानंतर दोनेक वर्षांत गोखले रानड्यांच्या हाताखाली आले आणि १९०१ च्या जानेवारीत रानडे वारले तोवर हे शिष्यत्व चालले. सार्वजनिक सभा १८७० ची. तिच्या त्रैमासिकाचे संपादन १८८७ पासून गोखल्यांकडे आले, पुढे सभेचे चिटणीसपदही आले. काम काय, तर सरकारी अहवाल वाचायचे, जमाखर्चाचे आकडे ताडून पाहायचे, अर्जांचे मसुदे करायचे आणि ते रानड्यांना दाखवायचे. रानडे पुन्हा लिहायला लावत. दिवसदिवस खपून केलेल्या कामावर 'ठीक आहे, चालेल' एवढीच पावती मिळे आणि तेवढ्याने गोखले धन्य होत. आजच्या भाषेत 'फीडबॅक' म्हणावे तर ते एवढेच.

आता यातला पेच पाहा. रानडे सरकारी नोकर. दख्खनच्या शेतकरी कायद्याखालील खास न्यायाधीश आणि १८९३ पासून मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश. सरकारच्या कारभारावर त्यांना उघडपणे टीका करता येत नव्हती. विचार त्यांचे, अभ्यास त्यांच्या देखरेखीखालचा, पण छापून येणारे नाव तरुणाचे. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या पाठीशी रानडे आणि आकड्यांचे जाणकार गणेश व्यंकटेश जोशी या दोघांची तयारी होती. गोखल्यांनी ती कधी लपवली नाही. पण उलटतपासणीला बसले एकटे गोखले.

हे योग्य होते का? शिष्याला पुढे करणे म्हणजे त्याला संधी देणे, की त्याला ढाल करणे? मला वाटते, याचे उत्तर शिष्याच्या वाढीत शोधावे. वेल्बी कमिशनपुढे गोखले पाठ केलेले बोलले असते तर उलटतपासणीत पहिल्या तासात उघडे पडले असते. ते पडले नाहीत, कारण दहा वर्षे प्रत्येक आकडा त्यांना स्वतः काढायला लावलेला होता. रानड्यांनी शिष्याला विचार दिले तसे त्या विचारांमागचे कष्टही करायला लावले. ढाल आणि शिष्य यांत फरक असलाच तर तो एवढाच.

एडनची पत्रे

पण याच इंग्लंडवारीत पुढचा प्रसंग घडला आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीला आला आणि लवकरच तो पुण्यात पोचला. १८९७ च्या आरंभी साथरोगाचा कायदा झाला, वॉल्टर रँड यांच्या हाती पुण्याचा बंदोबस्त आला आणि घरोघर तपासणीसाठी गोऱ्या शिपायांच्या तुकड्या फिरू लागल्या. देवघरात, स्वयंपाकघरात बूट घालून शिरणे, सामान रस्त्यावर टाकून जाळणे, बायकामाणसांची तपासणी. शहर धुमसत होते. प्लेगच्या व्यवस्थेत बायकांचे काय हाल होतात याविषयी पंडिता रमाबाईंनीही त्या सुमारास वृत्तपत्रात तक्रार केली होती.

गोखले तेव्हा लंडनमध्ये. पुण्यातील विश्वासू स्नेह्यांची पत्रे त्यांना येत होती. त्यांत एक भयंकर मजकूर होता. शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने नंतर जीव दिला. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इंग्लंडमधली वृत्तपत्रे हिंदुस्थानवर तुटून पडली. लोक एवढे का चिडले आहेत हे सांगावे म्हणून गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियनला मुलाखत दिली आणि तीत ती पत्रांतली गोष्ट सांगून टाकली. जुलैच्या सुरुवातीला ती छापून आली.

पार्लमेंटात प्रश्न निघाला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी चौकशी करून आरोप साफ नाकारला आणि तो द्वेषातून रचलेला असल्याचे कळवले. पुण्यातल्या प्रतिष्ठितांकडूनही आरोपाला दुजोरा मिळाला नाही. गोखले बोटीने परत निघाले. एडनला त्यांच्या हाती मित्रांची पत्रे पडली. आशय एकच, आमची नावे उघड करू नका. ३० जुलैला बोट मुंबईला लागली. तीनच दिवसांपूर्वी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईत अटक झाली होती. पोलीस कमिशनर थेट बोटीवर गोखल्यांना भेटायला आले. प्रश्न सरळ होता. ही माहिती तुम्हाला कोणी दिली?

वाचकहो, त्या एकतीस वर्षांच्या माणसाच्या जागी क्षणभर स्वतःला उभे करून पाहा. नावे सांगितली तर स्वतःची सुटका आहे. मी रचले नाही, मला कळवले गेले, एवढे सिद्ध होते. पण ज्यांनी विश्वासाने लिहिले ते तुरुंगाच्या दारात उभे राहतात. रँड यांच्या खुनानंतरच्या त्या वातावरणात हा धोका काल्पनिक नव्हता. नावे नाही सांगितली तर पुरावा उरत नाही आणि पुरावा नसताना एवढा मोठा आरोप केल्याचा दोष एकट्याच्या माथी बसतो.

गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. पुरावा मिळतो का ते त्यांनी पाहिले, पण समोर यायला कोणी तयार नव्हते. घरच्या बाईची अब्रू चव्हाट्यावर आणायला त्या काळी कोण पुढे येणार? रानड्यांशी आणि इतर वडीलधाऱ्यांशी त्यांनी विचारविनिमय केला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वृत्तपत्रांतून बिनशर्त माफी मागितली. गव्हर्नरांची, प्लेगच्या अधिकाऱ्यांची आणि शिपायांचीसुद्धा. शिपायांची माफी मागणे पुण्याला सहन झाले नाही. टिळकांना सप्टेंबरात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एक तुरुंगात गेला आणि एकाने माफी मागितली, ही तुलना गोखल्यांना पुढे किती वर्षे सोसावी लागली हे सांगायला नको.

या माफीबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी तिला भित्रेपणा म्हणतात, कोणी सभ्यपणाची परिसीमा. मला मात्र एक वेगळीच गोष्ट लागली. गोखल्यांनी मित्रांची नावे प्राणपणाने जपली, यात शंका नाही. पण विश्वासभंग झालाच असेल तर तो बोटीवर नव्हे, त्याच्या आधी मँचेस्टरच्या मुलाखतीत झाला होता. पत्र लिहिणाऱ्यांनी मित्राला लिहिले होते, वृत्तपत्राला नव्हे. 'हे मी जाहीरपणे सांगू का?' असे त्यांना विचारलेले नव्हते. पुण्याहून उत्तर यायला तेव्हा आठवडे लागत, हे खरे. पण तार होती. गुपित म्हणजे केवळ सांगणाऱ्याचे नाव नव्हे. सांगितलेल्या गोष्टीचा कुठे, कशासाठी उपयोग करायचा, हाही त्या गुपिताचाच भाग असतो. नाव गाळले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. मीही बैठकीत तसेच समजलो होतो. त्याचे वडील आजारी आहेत हे मी सांगितले नाही, म्हणून मी स्वतःला प्रामाणिक मानत होतो. प्रत्यक्षात त्याने विश्वासाने दिलेली माहिती मी वापरली होती. फक्त शब्दांऐवजी गप्प बसून वापरली.

गोखल्यांचे मोठेपण असे, की चुकीची किंमत त्यांनी स्वतः मोजली, दुसऱ्याच्या खात्यावर टाकली नाही. पुढल्या साथीत पुण्यात स्वयंसेवक घेऊन ते स्वतः प्लेगच्या कामाला लागले. रानडेही या काळात शिष्यापासून दूर झाले नाहीत. हायकोर्टाच्या न्यायाधीशाला अशा वेळी चार हात लांब राहण्याची सोय होती, ती त्यांनी घेतली नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

एक वर्षाचे मौन

दुसरा प्रसंग त्यामानाने हलका, पण त्यातला प्रश्न हलका नाही.

रानड्यांचा शिष्य पुढे स्वतः गुरू झाला. १८९६ मध्ये पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात दक्षिण आफ्रिकेहून आलेला एक वकील गोखल्यांना भेटला. त्यांच्याहून तीन वर्षांनीच लहान. १९०२ च्या आरंभी तोच वकील कलकत्त्यात महिनाभर गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिला. पुढे गांधींनी गोखल्यांना आपले राजकीय गुरू म्हटले. पण हा शिष्य रानड्यांपुढे उभ्या राहणाऱ्या गोखल्यांसारखा नव्हता. त्याची मते ठाम होती आणि ती गुरूला पटणारी नव्हती. १९०९ चे 'हिंद स्वराज' गोखल्यांना अगदीच कच्चे वाटले. वर्षभर हिंदुस्थानात राहिलात की तुम्हीच ते फाडून टाकाल, असा त्यांचा अंदाज होता. तो खोटा ठरला.

१९१२ च्या ऑक्टोबरात गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले तेव्हाची एक गंमत परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम आठवावी अशी आहे. तिथल्या श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते, काही महाराष्ट्रीय हिंदू होते. गांधींनी गोखल्यांना गळ घातली, की इंग्रजीत नको, मराठीत बोला, हिंदुस्थानी भाषांतर मी करतो. गोखल्यांना हसू आवरेना. तुमचे हिंदुस्थानी किती ते मला ठाऊक आहे, आता मराठीचे भाषांतर करणार म्हणता, हे एवढे मराठी शिकलात कधी, अशी त्यांनी थट्टा केली. पण ऐकले. आणि झांझिबारपर्यंतच्या प्रवासात जिथे जिथे शक्य होते तिथे मराठीतच बोलले. पार्लमेंटच्या कमिशनला इंग्रजीने थक्क करणाऱ्या माणसाला त्याच्या शिष्याने आफ्रिकेत मायबोलीत बोलायला लावले. गुरूने शिष्याकडून शिकावे कसे, याचा हा वस्तुपाठ आहे.

९ जानेवारी १९१५ ला गांधी कायमचे परतले. गोखल्यांनी त्यांना एकच अट घातली. वर्षभर देश हिंडून पाहा, कान उघडे ठेवा, जाहीर मते देऊ नका. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. 'माझी मते स्वीकार' असे गोखले म्हणाले नाहीत. 'तुझी मते बदल' असेही नाही. मते बनवण्याआधी पाहा, एवढेच म्हणाले. मार्गदर्शकाचा अधिकार जास्तीत जास्त इथवर जातो, त्यापुढे नाही.

खरा पेच होता भारत सेवक समाजाचा. १२ जून १९०५ ला गोखल्यांनी ही संस्था स्थापन केली. आजन्म सेवेची शपथ, बेताचे मानधन, पाच वर्षांचे शिक्षण, असा कडक शिरस्ता. गांधींनी संस्थेत यावे ही गोखल्यांची इच्छा, गांधींचीही. पण इतर सभासदांना धास्ती वाटत होती. या माणसाची तत्त्वे आणि आमची पद्धत यांचा मेळ बसणार नाही. गोखले संस्थापक, संस्थेचे पहिले सभासद. त्यांनी शब्द टाकला असता तर बाकीचे गप्प बसले असते. त्यांनी तो टाकला नाही. सभासदांना वेळ दिला. आणि गांधींना सांगितले, की त्यांनी घेतले न घेतले तरी मी तुम्हाला सभासदच समजेन. डॉ. देव यांना बोलावून संस्थेच्या वह्यांत गांधींचे खाते उघडायला सांगितले, आश्रमासाठी लागेल तो पैसा त्यांना द्यावा म्हणून.

इथे वाचताना मी थबकलो. सभासद नसलेल्या आवडत्या शिष्यासाठी संस्थेच्या वहीत खाते? आज एखाद्या संचालकाने असे केले तर हिशेबनीस भुवया उंचावतील. शिष्यावरचे प्रेम आणि संस्थेवरची निष्ठा यांच्यामधली भिंत गोखल्यांनी प्रवेशाच्या बाबतीत पाळली, पैशाच्या बाबतीत किंचित वाकवली, असेच म्हणावे लागेल. पण ते उघडपणे केले, वहीत नोंद करून. चोरून उपकार केला नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. गांधी तेव्हा शांतिनिकेतनात होते, ते धावत पुण्याला आले. सभासदांत अजून दुफळी होती. एकमताने नव्हे तर बहुमताने आत जाणे बरे नव्हे, हे ओळखून गांधींनी श्रीनिवास शास्त्रींना पत्र लिहून आपला अर्ज मागे घेतला. गुरूने शब्दाचे वजन वापरायचे टाळले होते, शिष्याने गुरूच्या नावाचे वजन वापरायचे टाळले. आणि वर्षाचे मौन त्यांनी गुरू गेल्यावरही पाळले. बनारसचे ते गाजलेले भाषण १९१६ च्या फेब्रुवारीतले आहे.

बडोद्याचे करारपत्र

तिसरा प्रसंग सिंगापुरात राहणाऱ्या आईबापांना सर्वांत ओळखीचा वाटेल, कारण तो शिष्यवृत्ती आणि 'बाँड' यांचा आहे.

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे पैशाअभावी शिक्षण अडले तेव्हा त्याला महाराजा सयाजीरावांकडे नेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. जातीने केळुसकर त्याचे कोणी नव्हते, शाळेनेही नव्हते. त्यांनी बदल्यात काही मागितल्याचे दिसत नाही. मार्गदर्शकाचे इतके निर्मळ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

४ जून १९१३ ला बडोदे सरकारशी करार झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिक्षण आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. सयाजीरावांची दृष्टी किती लांबची होती हे वेगळे सांगायला नको. तेही कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातून दत्तक येऊन गुरूंच्या हाताखाली घडलेले, त्यामुळे शिक्षणाची किंमत त्यांना स्वानुभवाने ठाऊक होती.

१९१७ मध्ये, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून, करार पाळायला आंबेडकर बडोद्याला हजर झाले. कचेरीत शिपाई विटाळाच्या भीतीने फायली लांबून टाकत. प्यायला पाणी मिळेना. शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशांच्या विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगितली. ज्यांच्याकडे आसरा मागितला त्या दोन स्नेह्यांनीही असमर्थता दाखवली. कोलंबियाच्या त्या विद्वानाने बागेत झाडाखाली बसून गाडीची वेळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

करार कोणी मोडला? कागदावर पाहिले तर दहा वर्षांऐवजी काही दिवसच नोकरी झाली. पण करार म्हणजे दोन बाजू. शिष्याने परत येऊन सेवा द्यायची, तर संस्थानने त्याला माणसासारखे काम करू द्यायचे. ही दुसरी अट करारपत्रात लिहिलेली नव्हती, कारण लिहिण्याची गरज कोणाला वाटलीच नव्हती. सयाजीरावांचा हेतू शुद्ध होता, याबद्दल दुमत नाही. पण राजाचा हुकूम कचेरीच्या पाण्याच्या माठापर्यंत पोचला नाही. वरचा माणूस दार उघडतो आणि आतल्या खोलीत काय होते हे बघायला जात नाही. ही चूक आजही मोठमोठ्या संस्था करतात.

सिंगापुरात हा विषय १९९८ मध्ये चांगलाच पेटला होता. आर्थिक विकास मंडळाने शिष्यवृत्ती घेऊन करार मोडणाऱ्यांची नावे जाहीर करायचे ठरवले. मंडळाचे प्रमुख फिलिप यो यांचे म्हणणे, की भरपाई व्याजासकट दिली तरी नैतिक जबाबदारी संपत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की करारात भरपाईचे कलम आहे, ते पाळले म्हणजे करार पाळला. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने केलेल्या सहीवर त्याची जन्मभर बदनामी का? जुन्या वाचकांना वर्तमानपत्रांतले ते वाद आठवत असतील. आपल्या मुलांनाही आज विद्यापीठाच्या फीत सरकारी अनुदान मिळते आणि परदेशी नागरिक असतील तर त्यासाठी तीन वर्षे सिंगापूरच्या कंपनीत काम करण्याचे बंधन येते. तेव्हा हा वाद दुसऱ्यांच्या घरचा राहिलेला नाही.

माझे मत विचाराल तर घेतलेले ऋण फेडलेच पाहिजे, या संस्कारात मी वाढलो आहे आणि तो सोडायची इच्छा नाही. पण बडोद्याचा प्रसंग वाचल्यापासून मी दुसराही प्रश्न विचारू लागलो आहे. ऋण देणाऱ्याने आपली बाजू पाळली का? आणि आणखी एक. सही करण्याआधी त्या मुलाला निव्वळ त्याचे हित पाहणारा कोणी भेटला होता का? शाळेचा सल्लागार शाळेच्या नावाचा विचार करतो, आईबाप शेजाऱ्यांना काय सांगता येईल याचा. केळुसकरांसारखा, ज्याला त्यातून काही मिळवायचे नाही असा माणूस प्रत्येक मुलाच्या वाट्याला येत नाही.

आणि आपण

आपल्यापैकी बहुतेक जण आता वयाने आणि हुद्द्याने सल्ला देणाऱ्यांच्या बाजूला येऊन पोचलो आहोत. कचेरीत, नात्यात, मंडळात नव्याने आलेल्या कुटुंबांना आपण सल्ले देतो, पोरांच्या नोकऱ्यांसाठी शब्द टाकतो. हे करताना रानडे-गोखले-केळुसकरांकडून मी स्वतःपुरते एवढे घेतले आहे. पहिले, समोरच्याने मन मोकळे करण्याआधीच त्याला सांगावे, की मी कंपनीचाही माणूस आहे. अमुक गोष्टी मी पोटात ठेवू शकेन, अमुक नाही. दुसरे, त्याने सांगितलेले कुठेही वापरायचे झाले, अगदी त्याच्या भल्यासाठीसुद्धा, तर आधी त्याला विचारावे. तिसरे, ज्याने माझ्याशी मन मोकळे केले आहे, त्याच्या बढतीच्या चर्चेतून मी उठून बाहेर जावे. उठून जाण्याचाही अर्थ काढला जातो, हे मला कळते. म्हणून ते दर वेळी आणि सर्वांच्या बाबतीत करावे, म्हणजे अर्थ काढायला जागा राहत नाही. या वर्षीपासून मी तसे करू लागलो आहे. वरिष्ठांना ते फारसे रुचलेले नाही.

राहिली त्या मुलाची गोष्ट. हा लेख मंडळाकडे देण्याआधी त्याला सांगणे भाग होते. त्याच हॉकर सेंटरमध्ये, तशाच कोपीच्या पेल्यांपुढे, मी त्याला त्या बैठकीत काय झाले ते सांगितले आणि हे लिहून छापायला देऊ का, असे विचारले. बराच वेळ तो पेल्याकडे बघत होता. मग म्हणाला, "छापा सर. पण त्या दिवशीही असंच आधी विचारलं असतंत, तर मीच सांगितलं असतं त्यांना, की काम मला द्या, मी पुरं करून जाईन."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही कोपी संपवली आणि कामावर गेलो.